अकरा खाणींचा एक भोंगा

चूक कोणाची हे आधी ठरवायचं आणि काय घडलं ते मग लिहायचं, असं पत्र आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी लिहिलेलं असतं. कुणी कचेरीत लिहितं, कुणी शाळेच्या मंडळात, कुणी राहत्या इमारतीच्या समितीत. दगडखाण व वाळू उत्पादक संघाचे चिटणीस त्या सकाळी तसंच एक पत्र लिहायला बसले होते आणि आपण काही वावगं करतो आहोत, असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

संघाची कचेरी म्हणजे वजनकाट्यावरची एक खोली. खाली भरलेला ट्रक काट्यावर चढला की वरचं टेबल थरथरायचं आणि कपातला चहा बशीत यायचा. भिंतीवर टेकडीचा नकाशा होता, त्यात अकरा खाणी अकरा रंगांत रंगवलेल्या. खाली फळीवर काचेच्या बरण्या मांडलेल्या. कुणाची जाड खडी, कुणाची बारीक, कुणाची दळलेल्या दगडाची धुतलेली वाळू. बाहेरचा माणूस आला की अध्यक्ष त्या बरण्या घराण्यातले दागिने दाखवावेत तशा दाखवायचे.

अकरांतली सगळ्यात लहान खाण चिटणिसांची. अक्षर बरं आणि नाही म्हणायची सवय नाही, एवढ्या दोन गुणांवर ते सलग नऊ वर्षं निवडून येत होते. रस्ता उखडला की चिटणीस, वीज गेली की चिटणीस, कुणाचं यंत्र बंद पडलं आणि शेजाऱ्याकडून सुटा भाग उसना हवा असला की चिटणीसच. तेही फोन फिरवून जुळवून द्यायचे. असा माणूस संघटनेला फार सोयीचा असतो.

त्या दिवशीचं पत्र सरकारी तपासणी अधिकाऱ्याला जायचं होतं. आठवड्यापूर्वी अध्यक्षांच्या खाणीवर अपघात झाला होता. सुरुंगाचा एक दगड उडून तिथल्या एका बाईच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. जीव वाचला हे नशीब. अधिकाऱ्याने संघाकडे खुलासा मागवला होता.

या बाईला सगळी टेकडी शिट्टीबाई म्हणायची. दगड भरलेले डंपर खडी फोडणाऱ्या क्रशरच्या तोंडाशी उलटे न्यावे लागतात. चालकाला मागचं दिसत नाही. तिथे ती गळ्यात शिट्टी अडकवून उभी असायची. तुटक शिट्टी म्हणजे ये, लांब शिट्टी म्हणजे थांब. चौदा वर्षांत तिच्या हाताखालून एकही डंपर कठड्यावरून खाली गेला नव्हता. अपघातानंतर मात्र अध्यक्षांच्या मुकादमाने तिला निरोप धाडला होता की, बरी झालीस तरी येऊ नकोस, ज्याला भोंगा ऐकू येत नाही अशा माणसाच्या हाती आम्ही शिट्टी देत नाही.

चिटणिसांनी लिहिलं, "सुरुंगापूर्वी नियमाप्रमाणे तीन वेळा भोंगा वाजवण्यात आला होता. सुरुंग उडाल्यानंतर, सर्व ठीक असल्याचा लांब भोंगा वाजेपर्यंत आडोशाला थांबणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. सदर कामगार महिला लांब भोंगा वाजण्याची वाट न पाहता स्वतःच्या बेपर्वाईने बाहेर आली. यात खाणचालकाचा अथवा संघाचा कोणताही दोष नाही."

'बेपर्वाईने' हा शब्द अध्यक्षांनी फोनवरून सांगितला होता. चिटणिसांनी आधी 'अनवधानाने' लिहिलं होतं.

दुपारी घरी जेवायला गेले तेव्हा त्यांनी मसुदा बायकोच्या पुढे सरकवला. वाक्यातल्या चुका काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने चष्मा नाकावर ढकलून सगळं वाचलं.

"शुद्धलेखन ठीक आहे," ती म्हणाली. "तिला विचारलंत का पण?"

"कुणाला?"

"अहो, कुणाला म्हणजे? जिचं हाड मोडलं तिला."

"मुकादमाचा जबाब आहे ना. तो तिथेच होता."

"मुकादम तिथे होता आणि ही काय परगावी होती?" तिने कागद परत दिला. "मागे आपल्या विजेच्या बिलात घोळ झाला तेव्हा वीजवाले मीटर न बघता चूक तुमचीच म्हणाले, तर तुम्ही दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. जेवा."

चिटणीस जेवले. विचारायला हवं होतं हे त्यांना पटलं. तरी पाय वळले ते मुकादमाकडेच. जबाबावर त्याची सही राहिली होती ना! सही घेऊन टाकू म्हणजे एक काम हातावेगळं होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. अवघड गोष्ट टाळायची असली की आपल्याला सोपं काम किती पटकन सुचतं, हे वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

टेकडीचा गाडीरस्ता अध्यक्षांच्या खाणीवरून जातो आणि पुढे एका कड्याला वळसा घालून जावईबापूंच्या खाणीकडे उतरतो. जावईबापू म्हणजे सासऱ्याची खाण चालवणारा गृहस्थ. वय पन्नास झालं, सासरे जाऊन दहा वर्षं झाली, पण टेकडीने त्याला बढती दिली नाही. चिटणीस त्या वळणाच्या अलीकडे, अध्यक्षांच्या खाणीजवळ पोचले आणि भोंगा वाजला. एक, दोन, तीन. आवाज अध्यक्षांच्या खाणीचा. तो हाताने फिरवायचा जुना भोंगा होता, दावणीला बांधलेल्या बैलाने हंबरावं तसा. अकराही भोंगे आपण झोपेतून उठवलं तरी ओळखू, असं चिटणीस नेहमी म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

ते शहाण्यासारखे रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या आडोशात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने धडाडधूम झालं, पायाखालची जमीन हलली, कड्यावरून धूळ आली. मग तोच हंबरणारा आवाज, लांबलचक. झालं, सर्व ठीक. चिटणिसांनी बाहीवरची धूळ झटकली, कागदांची पिशवी काखेत मारली आणि ते अध्यक्षांच्या खाणीच्या तोंडाकडे चालू लागले.

"मागे! मागे फिरा! अहो चिटणीस, मागे!"

वरच्या कडेला सुरुंगमास्तर दोन्ही हात हलवत ओरडत होते. त्यांच्या एका हातात सुरुंगयंत्राची चावी होती. चिटणिसांना आधी काही कळेना. मग त्यांनी समोर पाहिलं. वीस पावलांवर खडकात ओळीने भोकं पाडलेली, प्रत्येकातून वायरी बाहेर आलेल्या. एकही भोक उडालेलं नव्हतं!

चिटणीस पळाले की रांगले हे त्यांना आजही सांगता येत नाही. आडोशात पोचून ते खाली बसले, तेव्हा कुठे श्वास आला.

त्या दिवशी अध्यक्षांच्या खाणीचा सुरुंग उडालाच नाही. मास्तर चावी खिशात घालून खाली उतरले. टेकडीवर अकरा खाणींना मिळून सुरुंगाचे परवानेवाले दोनच होते, त्यातले हे थोरले. साठीला आलेले, सडपातळ, कानात कापसाचे बोळे. त्यामुळे बोलायचे मोठ्याने, पण चिडून कधीच नाही.

"पाणी प्या," ते चिटणिसांजवळ बसत म्हणाले. "बाहेर का आलात?"

"लांब भोंगा वाजला ना! मी स्वतः ऐकला मास्तर. अध्यक्षांचा भोंगा. माझी खात्री आहे."

"आम्ही लांब भोंगा वाजवलेलाच नाही."

"मग धडाका झाला तो?"

"तो पलीकडे, जावईबापूंच्या खाणीत. धाकट्या मास्तरांनी उडवला. लांब भोंगाही त्यांचाच."

"छे! जावईबापूंचा भोंगा विजेवरचा आहे. मांजर किंचाळल्यासारखा. मी काय ओळखत नाही?"

मास्तरांनी एका कानातला बोळा काढला. "तो महिन्यापूर्वी जळला. आता त्यांच्याकडे हाताचा आहे. अगदी अध्यक्षांसारखा. कुठून आणला कोण जाणे."

कुठून आणला ते चिटणिसांना आत्ता आठवलं. अध्यक्षांकडे एकाच बनावटीचे दोन भोंगे होते, एक वापरातला आणि एक कपाटात. जावईबापूंचा भोंगा जळला तेव्हा त्यांनी चिटणिसांना फोन केला, चिटणिसांनी अध्यक्षांना केला आणि अर्ध्या तासात उसनवारी जुळली. संघाच्या वहीत 'सभासदांना परस्पर साहाय्य' म्हणून तशी नोंदही झाली होती. नोंद चिटणिसांच्याच अक्षरात.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी शिट्टीबाई..."

"त्या दिवशी चावी माझ्याच हातात होती," मास्तर म्हणाले. "ती मला दिसली नाही. मध्ये डंपर उभा होता. तुम्ही आज दिसलात, कारण मध्ये डंपर नव्हता. एवढाच फरक."

"मी सगळीकडे सांगत फिरतो की नियम पाळा, नियम पाळा!"

"नियम तर सगळेच पाळतात. अकराच्या अकरा खाणी. प्रत्येक जण आधी तीन भोंगे देतो, नंतर एक लांब देतो. फक्त प्रत्येक जण आपापल्या वेळेला देतो. सकाळी दहापासून पाचपर्यंत इथे भोंगेच भोंगे. एकाचा 'सर्व ठीक' तो दुसऱ्याचा 'पळा' चालू असताना वाजतो. खाली उभ्या माणसाने समजायचं काय? चिटणीस, अकरा जणांनी वेगवेगळा पाळलेला नियम हा नियम राहत नाही. तो नुसता गोंगाट होतो."

"मग संघाला सांगायचं ना इतके दिवस!"

मास्तर हसले. "दोनदा लिहून दिलं. पत्राला उत्तर आलं, 'सुरुंगाच्या वेळा हा प्रत्येक सभासदाच्या अखत्यारीतला प्रश्न असून संघ त्यात हस्तक्षेप करू शकत नाही.' अक्षर सुरेख होतं हो उत्तराचं."

मुकादमाची सही न घेताच चिटणीस टेकडी उतरले.

शिट्टीबाई दोन खोल्यांच्या घरात राहायची. दार उघडंच होतं. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, डावा हात गळ्यात बांधलेला. तिची सासू जमिनीवर बसून भाजी निवडत होती. चिटणिसांना पाहून सासूने पाटावरून पालेभाजीचा पसारा बाजूला केला आणि त्यांना तिथे बसवलं.

"बाई, त्या दिवशी काय झालं ते मला सांगा," चिटणीस म्हणाले.

"आज विचारताय होय," ती म्हणाली. "सांगते. तीन भोंगे झाले, मी आडोशाला गेले. आम्ही सहा जणी होतो. धडाका झाला. लांब भोंगा झाला. मी बाहेर आले. डंपर उभा होता ना माझा, त्याला मागे घ्यायचा होता. तेवढ्यात दुसरा धडाका झाला. बाकीच्या दोन पावलं मागे होत्या म्हणून वाचल्या."

"लांब भोंगा नक्की ऐकलात?"

"साहेब, चौदा वर्षं मी आवाजावर पोट भरते. चालकाच्या इंजिनाचा सूर बदलला तरी मला कळतं की याचा पाय ब्रेकवरून सुटला. आणि मला भोंगा कळणार नाही?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "त्या बाकीच्या पाच जणींनीही ऐकला. त्यांना कुणी विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत, त्यांना कामावर जायचंय."

सासू भाजी निवडता निवडता म्हणाली, "हाड सांधेल हो. पण बहिरी म्हणून नाव झालं. आता कुठल्या खाणीवर हिला शिट्टी देतील?"

"मला आत्ता काम नको," शिट्टीबाई म्हणाली. "आधी एवढं लिहून द्या की मी ऐकलं ते बरोबर ऐकलं. रात्री पडल्या पडल्या मलाच वाटायला लागलंय, की वाजलाच नसेल तो. सगळे सांगतायत म्हणजे मलाच भास झाला असेल."

चिटणिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका माणसाच्या कानांवरचा त्याचा स्वतःचा विश्वास आपण आपल्या सुरेख अक्षराने काढून घ्यायला निघालो होतो!

"भास नाही," ते म्हणाले. "वाजला होता. आज मीही तसाच बाहेर आलो. पण हे मी इथे खोलीत सांगून उपयोग नाही. सभेत सांगतो."

दोन दिवसांनी संघाची सभा भरली. अकराही सभासद आले होते, कारण पुढचा विषय डिझेलचा होता. चिटणिसांनी सुरुंगमास्तरांना बोलावलं होतं आणि ते खाली अंगणात थांबले होते.

"खुलासा वाचा आणि पुढे चला," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, हे मला आवर्जून सांगायला हवं. शिट्टीबाईला बघायला ते पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाऊन आले होते. पण खाण आपली, मुकादम आपला आणि संघही आपला, तेव्हा खुलासाही आपल्याच बाजूचा असणार, यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"खुलासा मी बदललाय," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी वाचलं. "सदर कामगार महिला आडोशाला थांबली होती. शेजारच्या खाणीचा लांब भोंगा तिच्या खाणीच्या भोंग्यासारखाच असल्यामुळे ती बाहेर आली. तो भोंगा संघाने उसना मिळवून दिला होता. अपघातास ती महिला जबाबदार नसून संघ जबाबदार आहे."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, चिटणिसांना उन्हाचा त्रास झालाय. कुणी म्हणालं, असं लिहून दिलं तर अकराही खाणींना टाळं लागेल.

"संघ कशासाठी असतो हो?" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "सभासदाची पाठ राखायला! आणि तुम्ही संघाच्याच कागदावर संघाला आरोपी करताय?"

"परवा मी त्याच भोंग्याला फसलो," चिटणीस म्हणाले. "वीस पावलांवर सुरुंग होते. मास्तरांनी पाहिलं नसतं तर आज माझ्यावरही एक पत्र लिहावं लागलं असतं. त्यात मला बेपर्वा म्हणाला असतात की अनवधानी?"

पण अध्यक्ष मागे हटणारे नव्हते. "तुमचं लक्ष नसेल. माझा भोंगा मी वीस वर्षं ऐकतोय. माझा तो माझा. मी नाही फसणार."

"ठीक आहे," चिटणीस म्हणाले. "खाली अंगणात दोन्ही भोंगे आणून ठेवलेत. एक तुमच्या खाणीवरचा, एक जावईबापूंच्या. मास्तर एकामागून एक वाजवतील. तुमचा कुठला ते चिठ्ठीवर लिहा. सगळेच लिहा."

अध्यक्षांनी हसत चिठ्ठी घेतली. मास्तरांनी खालून पहिला भोंगा फिरवला. खिडकीची काच थरथरली. मग दुसरा. अध्यक्षांचं हसू जरा कमी झालं. "पुन्हा वाजवा," ते म्हणाले. मास्तरांनी पुन्हा वाजवले. अध्यक्षांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि लिहिलं. बाकीच्यांनीही लिहिलं.

चिटणिसांनी खिडकीतून विचारलं, "मास्तर, अध्यक्षांचा कुठला?"

"दुसरा!"

अध्यक्षांच्या चिठ्ठीवर 'पहिला' होतं. अकरांपैकी सात जणांच्या चिठ्ठीवर पहिला होतं!

"आपण इथे पंख्याखाली बसून, डोळे मिटून, दोनदा ऐकून चुकलो," चिटणीस शांतपणे म्हणाले. "तिला एकदाच ऐकायला मिळालं, आणि तिचा डंपर वाट बघत होता."

अध्यक्ष चिठ्ठीकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेतून जावईबापू उभा राहिला. "त्या दिवशी तो लांब भोंगा माझ्या खाणीवरचाच," तो म्हणाला. "वेळ जुळत होती, मला तेव्हाच शंका आली होती. पण म्हटलं, संघ सांभाळून घेतोय तर आपण कशाला तोंड उघडा." एवढं बोलून तो खाली बसला आणि रुमालाने मान पुसू लागला.

मास्तर वर आले होते. अध्यक्षांनी त्यांनाच विचारलं, "मग करायचं काय मास्तर? भोंगे वेगवेगळ्या आवाजाचे घ्यायचे?"

"अकरा आवाज कोण पाठ करणार? नवा मजूर पहिल्या दिवशी काय करेल? टेकडीला एकच भोंगा हवा, माथ्यावर. दिवसातून दोन वेळा. साडेबाराला आणि साडेचारला. ज्याला सुरुंग उडवायचाय त्याने सकाळीच भोकं भरून तयार राहायचं. भोंगा झाला की अकराही खाणी थांबणार, सुरुंग असो वा नसो. आम्ही दोघं एकामागून एक उडवणार. शेवटचा तपासून झाला की एकच लांब भोंगा."

"म्हणजे रोज तासभर सगळं बंद!" एक जण कळवळला. "माझं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल."

"शेजारीही बंदच असेल ना," मास्तर म्हणाले. "हेच तर सांगतोय. तुम्ही एकट्याने तासभर थांबलात तर ट्रक दुसरीकडे जातील. म्हणून कुणीच एकटा थांबत नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. पण अकराही थांबले तर कुणाचं काही जात नाही. एकट्याला जे परवडत नाही ते सगळ्यांना मिळून परवडतं. त्यासाठीच तर संघ काढलाय तुमच्या वडीलधाऱ्यांनी! चुकलेल्याला झाकायचं असेल तर त्याला संघ कशाला हवा, एक चादर पुरे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता खोलीतला ताण उतरला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी चिटणिसांकडून पत्र मागून घेतलं, संपूर्ण वाचलं आणि खाली सही केली. "पाठ राखायची म्हणजे खाणवाल्याचीच, असं मी धरून चाललो होतो," ते म्हणाले. "टेकडीवर पाठी काय फक्त अकराच आहेत? चूक झाली माझी." त्याच संध्याकाळी ते शिट्टीबाईच्या घरी गेले, त्या पत्राची प्रत तिच्या हातात दिली आणि तिच्या सासूसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर ऐकलं होतंत. ऐकू आलं नाही ते मला."

तपासणी अधिकाऱ्याने पत्र दोनदा वाचलं म्हणतात. मग तो चिटणिसांना म्हणाला, "दोष आमचा आहे असं संघानेच लिहून दिल्याचं माझ्या नोकरीत पहिल्यांदा पाहतोय. हे कुठल्या फायलीत लावतात तेही मला शोधावं लागेल." त्याने कडक ताकीद दिली, नव्या व्यवस्थेसाठी महिन्याची मुदत दिली आणि टाळं कुणालाच लागलं नाही.

खांद्याचं हाड सांधून शिट्टीबाई पुन्हा अध्यक्षांच्या खाणीवर कामाला आली त्याच आठवड्यात माथ्यावरचा भोंगा सुरू झाला. पहिल्या दिवशी साडेबाराला तो तीनदा वाजला आणि टेकडी थांबली. क्रशर थांबले, वाळू धुणारी यंत्रं थांबली, ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. इतकी शांतता टेकडीवर कुणी ऐकलेली नव्हती. त्या दिवशी चार खाणींत सुरुंग होते. एक उडाला, दुसरा उडाला, तिसरा, चौथा. धूळ खाली बसली. आता लांब भोंगा होणार म्हणून सगळे सावरले.

भोंगा झाला नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. जावईबापूंच्या खाणीत एक भोक उडायचं राहून गेलं होतं आणि दोघे मास्तर ते निकामी करत होते. ट्रकवाले चुळबुळ करू लागले. पूर्वीचे दिवस असते तर एव्हाना निम्मी माणसं आपापल्या कामाला लागली असती. आडोशात शिट्टीबाई शेजारणींच्या ओळीत उभी होती. बाजूला अध्यक्ष होते. त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा शिट्टीबाईकडे पाहिलं.

"आणखी किती वेळ?" त्यांनी तिला हळूच विचारलं, जणू तिलाच माहीत असणार.

"वाजेपर्यंत," ती म्हणाली.

अध्यक्ष खाली दगडावर बसले. अकरा खाणी, चारशे माणसं आणि रस्त्यावर उभे असलेले सगळे ट्रक एका न उडालेल्या भोकासाठी पंचवीस मिनिटं थांबून राहिले. कुणी बाहेर आलं नाही. एकसुद्धा नाही!

मित्रहो, संघटना आपण सगळेच काढतो. दुकानदारांची असते, वाहनवाल्यांची असते, गुरुजींची असते, डॉक्टरांची असते. आपल्या माणसाच्या मागे उभं राहणं हे तिचं काम आहेच, पण चुकीच्या मागे उभं राहणं हे तिचं काम नाही. एकट्यादुकट्याला जे चांगलं वागणं झेपत नाही, ते सगळ्यांना झेपेल असं करून ठेवणं हे तिचं खरं काम. आणि दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवण्याआधी, ज्याला लागलंय त्याच्या दारात जाऊन एकदा विचारावं. त्याला फार वेळ लागत नाही.

शेवटी लांब भोंगा झाला. शिट्टीबाई डंपरच्या मागे जाऊन उभी राहिली, चालकाने आरशात तिला शोधलं, आणि तिने शिट्टी फुंकली.